वाडीतले डास : पैसे कुठे घालावेत?

डेंग्यूच्या तापाने पडलेला पाडेली आठवडा-दहा दिवस माडावर चढू शकत नाही. २०२५-२६ चा रोजगार हमीचा ३१२ रुपयांचा दर धरला तरी दहा दिवसांचे ३,१२० रुपये बुडतात, आणि पाडेलीची मजुरी त्याहून जास्तच असते. बोर्ली पंचतन-दिवेआगर पट्ट्यात ज्यांची वाडी आहे, बांधकाम चालू आहे किंवा पर्यटकांसाठी खोल्या आहेत, त्यांनी डासांवरचा खर्च या आकड्याशी ताडून पाहावा.

सर्वांत उपयोगी काम जवळजवळ फुकटात होतं. डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’. वाडीत तो पाळायचा तर नुसती पिंपं उलटी करून भागत नाही. शहाळ्यांची टरफलं, करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, ताडपत्रीच्या खोलगट घड्या, पत्र्याच्या पन्हळी, सगळीकडे पेलाभर पाणी राहतं आणि डासाला तेवढं पुरतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मोडलेल्या माडांचे बुंधे अजून उभे असतील, तर त्यांच्या पोकळीत माती भरा. डोण आणि टाकी रिकामी केल्यावर काथ्याने घासलीच पाहिजे. अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात; पाणी ओतून निघून जाणाऱ्याचं काम अर्धंच होतं. खर्च काय, तर एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी. उपसा नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडा. त्यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, विकत घेण्याची घाई नको. संडासाच्या टाकीच्या वाफनळीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा.

बांधकामावर स्लॅबला पाणी मारताना वाफे करून ते तुंबवून ठेवतात. त्याऐवजी ओली गोणपाटं पसरा, नाहीतर वाफे दर आठवड्याला पूर्ण सुकवा.

त्यानंतर जाळी. चौकटीसकट १०० रुपये चौरस फूट भाव धरला, तर चार फूट बाय तीन फुटांची खिडकी १,२०० रुपयांना पडते, चार खिडक्या ४,८०० रुपयांना. उलट चार खोल्यांत ८० रुपयांची द्रवाची बाटली महिन्याला एक, जून ते नोव्हेंबर, म्हणजे हंगामाला १,९२० रुपये. तिसऱ्या हंगामात जाळीचे पैसे वसूल. मात्र समुद्राच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी जाळी गंजते. फायबरची किंवा ३०४ प्रतीची स्टीलची घ्या, आणि जाळी, चौकट, मजुरी यांचा भाव वेगवेगळा लिहून मागा.

पण एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. तेव्हा माणसं जाळीमागे नसतात. वाडीत, रेतीवर, ओटीवर असतात. कामगारांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं मलम मालकानेच द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेष्टणावर डीट किंवा पिकारिडिन हे घटक आहेत का ते पाहा. घामाने मलम धुऊन जातं, म्हणून दुपारी पुन्हा लावायला लागतं. कामाच्या जागीच झोपणाऱ्यांना मच्छरदाणी हवी, कारण हिवतापाचा डास रात्रीचा.

धूर फवारणीचा वार्षिक करार करू नका. धुराने फक्त उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. उघड्या वाडीत तर धूर वाऱ्यावर जातो. साथ आली की आरोग्य खात्याची फवारणी वेगळी, तिला जरूर सहकार्य करा.

ताप आलाच तर पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. हिवतापाची तपासणी आणि औषध तिथे मोफत असतं. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. खासगी प्रयोगशाळांसाठी राज्य सरकारने २०१६ मध्ये डेंग्यूच्या एलायझा चाचणीला ६०० रुपयांची मर्यादा घातली होती, म्हणून दर आधी विचारा आणि पावती घ्या. अंग ठणकतं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांच्या गोळ्या मुळीच घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, आणि भरपूर पाणी. ताप उतरल्यावर पोटात कळा, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं, तर गाडी करून थेट मोठ्या रुग्णालयात जा. त्या गाडीभाड्याचा विचार करू नका.