शेवटची ओळ सोडा, पहिली चूक शोधा : क्रॉस कंपायलर बांधताना



गेल्या महिन्यात अकरावीतला एक मुलगा तोंड पाडून माझ्याकडे आला. "सर, तीन वेळा सगळं पुसून परत केलं. दरवेळी एरर येतेच. मला नाही जमणार." छोट्या आर्म बोर्डासाठी जीसीसी हा कंपायलर तो सोर्स कोडपासून बांधत होता. तयार मिळतो, पण त्याला तो घडतो कसा हे बघायचं होतं. अशी हौस असलेली मुलं वर्गात किती असतात, तुम्हीच सांगा!

आधी थोडं समजून घेऊ. कंपायलर आपल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. क्रॉस कंपायलर चालतो एका जातीच्या प्रोसेसरवर आणि कोड बनवतो दुसऱ्या जातीसाठी. बोर्डाची मेमरी इतकी कमी की त्यावर कंपायलर चालणारच नाही, म्हणून काम पीसीवर करायचं. बांधण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी बायनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि लिंकर, मग जीसीसी, मग न्यूलिबसारखी सी लायब्ररी.

त्याच्या स्क्रीनवर शेवटी होतं, 'मेक: एरर 2'. यावरून फक्त आत कुठेतरी बिघडलं एवढंच कळतं. शिवाय त्याने मेकला एका वेळी आठ कामं दिली होती. एक काम पडलं तरी आधीच सुरू झालेली बाकीची चालू राहतात आणि खरी चूक खूप वर सरकते. मी विचारलं, गणितात उत्तर चुकलं तर आपण शेवटच्या ओळीकडेच बघत बसतो का? पायऱ्या तपासत वर जातो ना! मग मेक एकाच कामावर पुन्हा चालवला, सगळं आउटपुट फाइलमध्ये घेतलं आणि पहिली एरर शोधली.

ती असेंब्लरची होती: 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन', आणि पुढे 'एमईएबीआय=5'. हा ऑप्शन आर्मचा. तो न ओळखणारा असेंब्लर म्हणजे पीसीचा स्वतःचा! मुलाने बायनयुटिल्स एका फोल्डरमध्ये बसवलं होतं, जीसीसीला प्रीफिक्स दिला होता दुसराच, आणि पाथमध्ये दोन्ही नव्हते. आर्मचा असेंब्लर सापडला नाही, म्हणून जीसीसीने घरचाच वापरला. हे उशिरा का कळलं? कारण नवा कंपायलर पहिल्यांदा आर्मचा कोड बनवतो तो लिबजीसीसी बांधताना. तोवर बराच वेळ सगळं सुरळीत दिसतं. तीनदा पुसूनही उपयोग नव्हता, कारण कमांड दरवेळी त्याच.

मग दोन्हींना एकच प्रीफिक्स आणि एकच टार्गेट दिलं, त्यातला बिन फोल्डर पाथमध्ये सर्वांत पुढे ठेवला. बिल्डचा फोल्डर रिकामा करून कॉन्फिगर पुन्हा चालवलं, कारण जुन्या फोल्डरात जुनीच उत्तरं साठलेली असतात.

बाकीच्या चुका त्यामानाने सरळ. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी नसतील तर कॉन्फिगर नाव घेऊन थांबतं. 'किल्ड' दिसलं तर बहुधा रॅम संपली, एका वेळची कामं कमी करा. सोर्सच्या फोल्डरातच बिल्ड करू नका, वेगळा घ्या. आणि कॉन्फिगर मोघम बोलत असेल तर त्या फोल्डरातली कॉन्फिग-लॉग फाइल उघडा. मुलं ती कधी उघडत नाहीत, खरं तर मोठेही नाहीत.

पालकहो, पोर तासभर नुसत्या सरकणाऱ्या ओळी बघत बसलेलं दिसलं तर रागावू नका. 'झालं का?' ऐवजी 'पहिली चूक कुठे आली?' असं विचारून बघा.

दोन दिवसांनी तो परत आला. जीसीसी पार पडलं होतं, न्यूलिब अडलं होतं. "सर, पहिली एरर मीच शोधली. 'आर्म-नन-ईएबीआय-सीसी: नॉट फाउंड'. मी नवीन टर्मिनल उघडलं होतं, त्यात पाथ टाकायचाच राहिला." मला काही सांगावंच लागलं नाही.