अडीचशे मिलिलिटरचा हिशेब

इंजिनिअरिंगला आलेल्या बहुतेकांनी जीवशास्त्राला केव्हाच रामराम ठोकलेला असतो. 'बेडूक कापायला नको म्हणून इकडे आलो' असं सांगणारे आमच्या विंगमध्येच चार जण सापडतील. पण मित्रहो, शरीरातली ऑक्सिजनची वाहतूक हा विषय खरं तर आपलाच आहे. त्यात दाब आहे, प्रवाह आहे, पंप आहे, साठा आणि मागणीसुद्धा आहे.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा येतं. मिठागरांचा आणि खाडीचा हा भाग. ओहोटीच्या वेळी खाजणात पाहिलं तर तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं सरळ वर आलेली दिसतात. पाण्याने भरलेल्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून ही मुळं नाक वर काढून बसतात. हवा त्यांच्या छिद्रांतून आत शिरते आणि आतल्या स्पंजासारख्या पोकळ भागातून खाली झिरपते. पंप नाही, काही नाही. झाडाची गरज थोडी, म्हणून भागतं.

आपलं मात्र तसं भागत नाही. कारण डिफ्यूजनला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ गणित करून पाहा. पाण्यातून 10 मायक्रॉन जायला ऑक्सिजनला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो, 1 मिलिमीटरला चार मिनिटं लागतात आणि 1 मीटरला सुमारे आठ वर्षं! म्हणजे पहिलीत घेतलेला श्वास नववीत पायाला पोचणार.

म्हणून शरीराने काम वाटून दिलंय. लांबचा प्रवास हृदयाच्या पंपावर आणि डिफ्यूजन फक्त शेवटच्या मायक्रॉनभर अंतरासाठी. फुफ्फुसात सुमारे 48 कोटी वायुकोश असतात. त्यांचं एकूण क्षेत्रफळ अंदाजे 70 चौरस मीटर आणि भिंत एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. समुद्रसपाटीला हवेतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 160 मिलिमीटरएवढा असतो. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे वायुकोशात तो 100 उरतो आणि शरीरातून परत आलेल्या रक्तात तो 40 असतो. या 60 च्या फरकावर सगळा कारभार चालतो. रक्तपेशी तिथल्या केशवाहिनीत पाऊण सेकंद असते, आणि भरायला पाव सेकंद पुरतो. फॅक्टर ऑफ सेफ्टी 3, तोही कुठल्याही कोडबुकाशिवाय!

आता वाहतूक. 100 मिलिलिटर रक्तात नुसता विरघळून ऑक्सिजन मावतो तो 0.3 मिलिलिटर. हिमोग्लोबिनमुळे तो 20 होतो. हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त ढकलतं, म्हणजे 1000 मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची गरज मात्र 250 मिलिलिटरची. बाकीची तीन चतुर्थांश गाडी भरलेलीच परत येते. आपण पळायला लागलो की हीच शिल्लक कामाला येते.

हिमोग्लोबिनला चार सीट असतात. एक भरली की पुढची भरणं सोपं जातं, म्हणून त्याचा आलेख सरळ रेषेत न जाता इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. मला हा आलेख फार आवडतो. दाब 100 वरून 60 वर आला तरी हिमोग्लोबिन 90 टक्के भरलेलंच राहतं. कळसूबाईच्या 1646 मीटरवर आपल्याला धाप लागते ती चढामुळे, हवेच्या विरळपणामुळे फारशी नाही. पण 60 च्या खाली आलेख एकदम घसरतो. पेशींजवळ दाब थोडा कमी झाला की माल भराभर उतरतो. दमलेल्या स्नायूतली उष्णता, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड ही पकड आणखी सैल करतात. यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम 1904 मध्ये ख्रिस्तियन बोर यांनी दाखवला. अणूच्या मॉडेलवाले नील्स बोर त्यांचेच चिरंजीव.

साठ्याची गोष्ट मात्र काळजीची आहे. फुफ्फुस, रक्त, स्नायू सगळं धरून शरीरात जेमतेम दीड लिटर ऑक्सिजन असतो. 250 ने भागलं तर सहा मिनिटं, आणि त्यातलाही सगळा वापरता येत नाही. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. बातमीत 'काही वेळ पुरवठा बंद' हे शब्द वाचताना तो वेळ छोटा वाटतो. आजारी फुफ्फुसाच्या माणसाकडे तर ती सहा मिनिटंही नसतात.

बाहेर खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी एक सांगायलाच हवं. बंद बाथरूममधला गॅस गीझर. हवा अपुरी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनच्या सीटवर तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट बसतो, आणि उरलेल्या सीटांवरचा ऑक्सिजनही उतरू देत नाही. गंमत म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. तो लाल आणि अवरक्त असे दोनच प्रकाश वापरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन त्याला जवळपास ऑक्सिजनने भरल्यासारखं दिसतं. माणूस चक्कर येऊन पडलेला आणि आकडा 98! तेव्हा आकडा बघत बसू नका. गॅस बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला सुमारे पाच तास लागतात, तिथे मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.