तीन पायांची गाजरं

भोगीच्या सकाळी टोपली घेऊन परसात गेले. सुगडात घालायला ऊस, बोरं, हरभरा बाजारातून आणला होता. गाजरं मात्र घरची असणार होती. तीन महिने पाला इतका दाट वाढला होता की घरी आलेल्या प्रत्येकाला मी तो वाफा दाखवत होते. पहिलं गाजर ओढलं, निघेना. खुरपीने माती सैल केली तेव्हा हाती आलं ते बोटाएवढं, तीन पायांचं, अंगभर केसाळ मुळं फुटलेलं. दुसरं तसंच. तिसऱ्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं. अख्खा वाफा उकरला तेव्हा चार धड निघाली. सासूबाईंनी एक हातात घेऊन निरखलं. "अगं, ही उपटून लावलीस का? मुळा-गाजर कुणी उपटून लावतं का गं?"

लावली होती. वांगी-टोमॅटोसारखी ट्रेमध्ये रोपं केली आणि चार पानांवर आल्यावर वाफ्यात हलवली. गाजराचं बी रुजलं की आधी सोटमूळ सरळ खाली उतरतं, आणि पुढे तेच भरून गाजर होतं. रोप काढताना त्याचं टोक तुटलं किंवा लावताना दुमडलं, की बाजूची मुळं जाड होऊ लागतात. गाजराचा आकार पहिल्या महिन्यातच ठरतो, आपल्याला दिसतो तीन महिन्यांनी. बीट एक वेळ उपटून लावलेलं चालतं. गाजर आणि मुळा जिथे वाढायचा तिथेच पेरा.

दुसरी चूक मातीची. आमच्याकडे नाशिकला काळी माती. वाळली की दगड होते. ती वर वर कुदळून मी त्यात गोठ्यातलं ताजं शेण मिसळलं, वर चमचाभर युरियाही दिला. ताज्या शेणाने मुळाला फाटे फुटतात, आणि नत्र जास्त झालं की सगळा जोर पाल्यात जातो. ज्या पाल्याचं मला कौतुक होतं, तोच खरं तर इशारा होता.

आता पेरणीआधी फूटभर उंच गादीवाफा करते. काळी माती चाळून खडे-ढेकळं काढायची, त्यात जाडसर वाळू आणि वर्षभर कुजलेलं शेणखत. ऑक्टोबरमध्ये बी कोरड्या वाळूत मिसळून अर्धा इंच खोल ओळीत पेरायचं. वर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि बरेच जण आठव्या दिवशी धीर सोडून वाफा मोडतात. तसं करू नका. सुईसारखी पानं दिसली की मात्र गोणपाट त्याच दिवशी काढा. ओळीत मधे मधे मुळ्याचे चार दाणे टाकते. ते पाचेक दिवसांत उगवून ओळ दाखवतात आणि गाजर भरायच्या आत काढून होतात. (एखादा मुळा राहून गेला तर जून होऊन पोकळ पडतो. तो तसाच फुलू द्या, डिंगऱ्यांची भाजी होते.)

जिवावर येते ती विरळणी. उगवलेलं रोप काढून टाकायला हात धजत नाही, मलाही नाही धजत. पण दोन गाजरांत तीन बोटं अंतर नसेल तर दोन्ही बारीक राहतात. मी रोप उपटत नाही, कात्रीने जमिनीलगत कापते. शेजारच्याचं मूळ हलत नाही. बीटला हे चुकतच नाही, कारण त्याचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा झुबका. एकातून दोन-तीन रोपं येतात.

जात बघून घ्या. नॅन्टिससारख्या केशरी गाजरांना थंडी जास्त लागते. पुसा केसर ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची लाल जात आपल्याकडची ऊब सोसते. पाणी थोडं पण नेमाने द्या. वाफा सुकवून एकदम भरलात तर गाजरं तडकतात. माथा मातीबाहेर डोकावला की उन्हाने हिरवा पडून कडवट लागतो, म्हणून भर लावत राहा.

गेल्या भोगीला सुगडांत घालून उरलेली गाजरं भाजीत गेली. भिंतीकडच्या ओळीत मात्र अजून दोन-चार दुफाटी निघाली. बांधकामाची खडी तिथे खोलवर राहिली आहे. उन्हाळ्यात तो कोपरा उकरून चाळायचा आहे.