नऊ धावा

कोल्हापूर म्हटले की तालमी, तांबडी माती आणि कुस्तीची मैदाने डोळ्यांपुढे उभी राहतात. गारगोटीपासून पन्हाळ्यापर्यंत गावोगावी मल्लांची नावे अभिमानाने घेतली जातात. परंतु याच भूमीने क्रिकेटलाही एक असामान्य खेळाडू दिला. त्यांचे नाव भाऊसाहेब निंबाळकर.

भाऊसाहेबांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. ते मुख्यतः फलंदाज. परंतु प्रसंग पडल्यास गोलंदाजी आणि यष्टिरक्षणही करीत. महाराष्ट्र, बडोदे, होळकर, रेल्वे अशा अनेक संघांकडून ते खेळले.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा सामना चालू होता. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग भाऊसाहेब खेळावयास आले आणि मैदानात पाय रोवून उभे राहिले. कमल भांडारकरांच्या साथीने त्यांनी ४५५ धावांची भागी रचली. तिसऱ्या दिवशी उपाहारासाठी खेळ थांबला, तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. त्यांत एकट्या भाऊसाहेबांच्या ४४३ होत्या आणि ते अजून नाबाद होते!

ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये केलेला नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठावयास आता केवळ नऊ धावा हव्या होत्या. परंतु काठेवाडच्या कर्णधारांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि ते संघासह मैदान सोडून गेले. सामना तेथेच संपला. हाती बॅट होती, अंगी बळ होते. पण चेंडू टाकणारेच उरले नव्हते.

भाऊसाहेबांना पुढे एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. तरीही ते खेळत राहिले. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत त्यांनी ४८४१ धावा केल्या. २००२ मध्ये त्यांना कर्नल सी. के. नायडू पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. परंतु प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये चारशे धावांची खेळी करणारे ते आजही एकमेव भारतीय आहेत. प्रतिस्पर्ध्याने मैदान सोडले, तरी खेळाडूने केलेले कष्ट त्याच्याबरोबर जात नाहीत.

शब्दार्थ : भागी – दोन फलंदाजांनी मिळून केलेल्या धावा, उपाहार – मधल्या वेळचे खाणे.

स्वाध्याय
१. भाऊसाहेबांचा विक्रम कशामुळे अपुरा राहिला?
२. काठेवाडच्या कर्णधारांचे वागणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
३. ‘पाय रोवून उभे राहणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.