गिनीपिगचे पोट

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा हा मूळ रहिवासी आज आपल्याकडेही काही घरी पाळला जातो. गवत हेच त्याचे खरे अन्न. त्यातील तंतू अंधांत्र नावाच्या मोठ्या पिशवीत सूक्ष्म जंतू आंबवितात व त्यातून त्यास पोषण मिळते. आपलीच मऊ विष्ठा तो पुन्हा खातो. ते पाहून किळस मानू नये, तो त्याच्या पचनाचाच भाग होय.

या पिशवीचे काम अखंड चालावे लागते. म्हणून गिनीपिग खाईनासा झाला, तर तो रुसला आहे असे समजून उद्याची वाट पाहू नये. लेंड्या लहान व कोरड्या होणे, अंग आखडून कोपऱ्यात बसणे, दात खाणे, पोट नगाऱ्यासारखे ताठणे, यांपैकी काहीही दिसताच त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. त्यास ओकारी होत नाही. वायू कोंडला की प्राणावर बेतते. घरात उरलेले पेनिसिलीन तर मुळीच देऊ नये, कारण त्याने उपकारक जंतू मरून घातक जंतू माजतात.

पुष्कळदा मूळ दुखणे दातांत असते. ते जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. मुले हौसेने भात, पोळी, बिस्किटे भरवितात. तो लाड नव्हे. सुके गवत सदैव पुढ्यात असावे. पावसात ढीग करून ठेवलेले ओले गवत आतून तापते, ते टाकूनच द्यावे. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात, आपल्याप्रमाणेच, तयार होत नाही. त्यासाठी रोज भोपळी मिरचीची एक फोड पुरे.