सामायिक स्मृतीचा हिशेब

संगणकात एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांनी व्यापलेल्या स्मृतीची बेरीज केली, तर ती प्रत्यक्ष वापरात असलेल्या स्मृतीहून पुष्कळदा कितीतरी अधिक भरते. अनेक प्रक्रियांना लागणाऱ्या आज्ञावलीची पृष्ठे (पृष्ठ म्हणजे सामान्यतः ४,०९६ बाइटांचा तुकडा) कार्यप्रणाली स्मृतीत एकदाच ठेवते व सर्वांना वापरू देते. हिशेबात मात्र ती प्रत्येकीच्या नावे पूर्ण मांडली जातात. चार बिऱ्हाडांनी एकच अंगण आपापल्या क्षेत्रफळात धरावे, तसा हा प्रकार होय.

समजा, दहा प्रक्रियांची स्वतःची स्मृती प्रत्येकी ३ मेगाबाइट असून आणखी २० मेगाबाइट त्या सर्वांत सामायिक आहेत. प्रत्येकीच्या नावावर २३, म्हणजे एकूण २३० मेगाबाइट दिसतील. खरा वापर ५० चाच. लिनक्स प्रणालीत २००८ पासून याखेरीज आणखी एक आकडा मिळतो. त्यात प्रत्येक सामायिक पृष्ठ ते वापरणाऱ्या प्रक्रियांत समान विभागलेले असते. प्रत्येकीच्या वाट्यास ५ मेगाबाइट येतात आणि बेरीज जुळते.

तथापि हा आकडाही फसवू शकतो. स्मृती अपुरी पडली म्हणून एक प्रक्रिया बंद केली, तर ५ नव्हे, ३ च मेगाबाइट मोकळे होतात. उरलेल्या नऊ प्रक्रियांनी नवे काहीही मागितलेले नसताना प्रत्येकीचा वाटा मात्र सुमारे ५.२ वर जातो. त्या वाढीवरून त्यांच्यात दोष शोधू लागणे व्यर्थ होय. एखादीच प्रक्रिया बंद करावयाची असेल, तर तिच्या खाजगी पृष्ठांचा आकडा पाहावा. दहाही एकदम बंद करावयाच्या असतील, तर वाट्यांची बेरीजच खरी.