धरण, खडक आणि जोडरेषा

आपल्या वाशिमच्या भूमीखाली जो बेसाल्ट आहे, तोच सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पायाशी आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटेच्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले. तरी ते उभे राहिले. असे तडे गणिताने अभ्यासताना अडचण येते ती ही, की धरणाला सीमा आहे, खडकाला नाही.

‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीत धरणाचे लहान घटक पाडून प्रत्येकातील ताण काढतात. खडक मात्र कोठेतरी कापावा लागतो आणि त्या कृत्रिम कडेवरून भूकंपलहरी खोट्याच परततात. ‘बाउंडरी एलिमेंट’ पद्धतीत केवळ पृष्ठभागाचे घटक पडतात. लहरी दूर निघून जातात. म्हणून धरणास पहिली, खडकास दुसरी पद्धत योजतात. जोडरेषेवर दोन्हींकडील विस्थापन समान आणि बले परस्परांस तोलणारी असावी लागतात. या दोन अटी पाळल्या गेल्या, तरच धरणाखालच्या गावांच्या सुरक्षिततेचे उत्तर विश्वासार्ह ठरते.